बरे होणे आणि कामावर जाणे

आमच्या निमोण्यात १९९९ साली दोघांचे खांदे निखळले. एक तालमीतला पोरगा, वय १९-२० वर्षांचे. यात्रेच्या कुस्तीत जोडीदाराच्या अंगाखाली त्याचा हात सापडला. दुसरा साखरेच्या गोदामातला हमाल, वय पस्तिशीचे. थप्पीवर पोते चढवताना पायाखालची फळी सरकली आणि सगळा भार एका खांद्यावर आला. दोघांचे खांदे शिरूरला एकाच डॉक्टरने बसविले, दोघांचेही हात तेवढेच दिवस गळ्याच्या झोळीत राहिले. पुढल्या वर्षीच्या यात्रेत पोरगा पुन्हा आखाड्यात उतरला. हमालाने मात्र पुढे जन्मात पोते उचलले नाही.

दुखापत एक, डॉक्टर एक, गाव एक. मग फळ वेगळे का? या प्रश्नाने आमचा बराच काळ पाठलाग केला, कारण त्या हमालाच्या बाबतीत आमचाही हात होता. तो कसा, ते पुढे येईलच. आम्ही कामगार संघटनेत तीस वर्षे घालविली. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते तालुक्याच्या वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या ओट्यावर. तेव्हा वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु मोडलेला माणूस पुन्हा उभा कसा राहतो, हा प्रश्न एकट्या वैद्यकाचा नाही. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात गिरणीचा भोंगा, लढाईचे मैदान, कायद्याचे पुस्तक आणि पोत्याचे वजन ही सारी आली आहेत.

प्रथम वैद्यांचे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात दोन पक्ष होते. इंग्लंडमधील लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस म्हणत की दुखावलेल्या अवयवाला विश्रांती द्या. ती सक्तीची असावी, अखंड असावी आणि दीर्घ असावी. त्यांनी पायासाठी केलेली पट्टी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. फ्रान्सचे लुकास-शांपियोनिएर हे उलट सांगत: मोड बसली की हलके मर्दन सुरू करा, सांधा हलवा, नाहीतर हाड जुळेल पण हात आखडून जाईल. दोघेही आपापल्या जागी खरे होते. विश्रांतीवाचून हाड जुळत नाही, आणि नुसत्या विश्रांतीने हाडावरचे मांस राहत नाही. प्लॅस्टर काढल्यावर आपलाच पाय आपल्याला परका वाटतो, तो याचमुळे. मनगटाजवळचे हाड साधारण सहा आठवड्यांत धरते, नडगीला तीन-चार महिने लागतात, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या तर त्याहूनही सावकाश पूर्वपदावर येतात. परंतु स्नायू दोन-तीन आठवड्यांतच वाळू लागतो. म्हणजे आत जोडण्याचे काम चालू असतानाच बाहेर झीज चालू असते. वेदना थांबते ती या दोन्ही गोष्टी पुऱ्या होण्याच्या कितीतरी आधी. सारा घोटाळा येथे आहे. दुखणे थांबले म्हणजे बरे झालो, असे माणूस समजतो. वस्तुतः तो अर्ध्या वाटेवर असतो.

ही अर्धी वाट कशी चालावी, हे जगाला शिकविले ते दोन महायुद्धांनी. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट जोन्स या शस्त्रवैद्याने (हे थॉमस यांच्याच पत्नीचे भाचे आणि थॉमस यांचे शिष्य) लंडनला शेफर्ड्स बुश येथील रुग्णालयात जखमी शिपायांसाठी कारखाने उघडले. ज्याचा हात आखडला त्याला रंधा दिला, ज्याचा पाय आखडला त्याला पायाने चालणारे यंत्र दिले. कामाने मोडलेला माणूस कामानेच दुरुस्त करावा, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे त्याच काळात, १९१७ साली, मुंबईत अपंग सैनिकांना धंदे शिकविणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. मुंबईत हाजी अली येथे शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली ती १९५५ साली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने एक साधा हिशेब मांडला. जखमी शिपाई जे वजन जेमतेम दहा वेळा उचलू शकतो ते त्याचे आजचे पूर्ण वजन धरा. पहिल्या फेरीत त्याच्या अर्धे, दुसरीत पाऊण, तिसरीत पूर्ण उचलायला लावा. आणि ताकद वाढेल तसे ते पूर्ण वजन वाढवीत न्या. अर्धे, पाऊण, पूर्ण. त्यांचा हा मार्ग १९४५ पासून छापून आला आणि जगभरच्या व्यायामोपचाराचा पाया झाला.

हे वाचले तेव्हा आम्हांला निमोण्याच्या तालमीचा वस्ताद आठवला. त्या वस्तादाने डीलॉर्मचे नावही ऐकले नव्हते. परंतु खांदा निखळलेला तो पोरगा झोळी सोडून आला तेव्हा वस्तादाने त्याला हौद्यात उतरू दिले नाही. पहिले दिवस नुसते बसायचे आणि दुसऱ्यांच्या कुस्त्या पाहायच्या. मग बैठका, खांदा आजारी होता, पाय नव्हते. मग भिंतीला हात टेकून जोर, मग ओट्याला टेकून, मग जमिनीवर. मग हौद्याची माती खोऱ्याने उकरणे, आधी थोडी, मग सारा हौदा. मग हलका मुद्गल. मग आपल्यापेक्षा लहान पोरांबरोबर नुसती खडाखडी. रोज सकाळी वस्ताद खांद्यावर हात ठेवून विचारी, "काल रात्री ठणकला का?" ठणकला म्हटले की त्या दिवशी एक पायरी खाली. चार-पाच महिने असे गेले. पोरगा चिडे, रडे. वस्ताद ऐकत नसे. पोराच्या घरी दुभती म्हैस होती, बापाची बागायत होती. तो चार महिने कमावणार नव्हता म्हणून कोणाची चूल थांबणार नव्हती. हेही विसरता कामा नये.

आता हमालाकडे वळू, आणि त्यासाठी कायद्याच्या इतिहासात शिरू.

१८८४ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २३ तारखेस मुंबईत परळला गिरणी कामगारांची सभा भरली. ती भरविणारे नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचे घराणे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे. महात्मा फुल्यांचे ते सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्या सभेने ठरविलेल्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. त्यातल्या रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. ती १८९० साली पदरात पडली. परंतु त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. गिरणीत काम करताना जबर दुखापत होऊन कामगार काही काळ निकामी झाला, तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. आणि जन्माचा पंगू झाला, तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

'बरा होईपर्यंत' आणि 'पूर्ण पगार' या दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. ज्यांच्या सह्या त्या अर्जावर होत्या त्यांतले बहुसंख्य अक्षरशत्रू असतील. परंतु पगार बंद झाला की माणूस बरा होण्याआधीच कामावर जातो, ही गोष्ट त्यांना कोणत्याही डॉक्टराने सांगावी लागली नाही. त्याच वर्षी जुलैत जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या अपघातविम्याचा कायदा केला. आपल्याकडे कायदा व्हायला १९२३ साल उजाडले, तो अमलात आला १ जुलै १९२४ रोजी. लोखंडे १८९७ सालीच प्लेगमध्ये गेले होते. अर्जापासून कायद्यापर्यंत चाळीस वर्षे लागली.

आणि कायदा झाला तो कसा? तात्पुरत्या दुखापतीला पूर्ण नव्हे, साधारण अर्धा पगार, तोही पहिले दहा दिवस सोडून. पुढे ते दहाचे सात झाले, मग तीन. कायमच्या हानीसाठी तक्ता जोडला. त्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के हानी मानली आहे. अशा तक्त्याला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु त्याच तक्त्याने हजारो घरांत दोन पैसे नेले, हे आम्ही पाहिले आहे. १९४८ साली राज्य विमा कायदा आला. १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्लीत आणि १९५४ साली मुंबईत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यात कामावर झालेल्या दुखापतीसाठी पुढे पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू लागली, आणि उपचार चालू असताना मालकाला नोकरीवरून काढता येणार नाही असे कलमही पडले. लोखंड्यांची मागणी येथे जवळजवळ पुरी झाली. पण सगळ्यांसाठी नव्हे. हंगामी कारखाने या कायद्याने बाहेर ठेवले, आणि साखर कारखाना त्याच्या व्याख्येत हंगामी ठरला. म्हणून आमच्या हमालाच्या वाट्याला १९२३ चाच कायदा आला. २०२० साली हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र केले गेले.

तेव्हा १९९९ च्या त्या हंगामात घडले ते असे. हमालाचा हात झोळीत होता तोवर घरी अर्धाच पगार यायचा, तोही उशिरा. टोळीची मजुरी पोत्यावर. टोळीत एक माणूस कमी, म्हणून टोळीही कुरकुरत होती. सहा आठवड्यांनी डॉक्टरने कागदावर लिहिले, 'कामास योग्य'. व्यवस्थापन त्याला घ्यायला टाळाटाळ करू लागले. हंगाम संपेपर्यंत घरी बस म्हणाले. आम्ही तेव्हा ऐन उमेदीत होतो. आम्ही दोनशे माणसे घेऊन फाटकावर गेलो. अर्ध्या तासात व्यवस्थापन नमले. हमालाच्या गळ्यात हार पडला, चहा झाला, घोषणा झाल्या. त्याच पाळीला त्याने पहिले पोते खांद्यावर घेतले. त्या वेळी साखरेचे पोते १०० किलोचे असे.

अकराव्या दिवशी खांदा पुन्हा निखळला, आणि या वेळी तो थप्पीवरून खाली आला. मणक्याला मार बसला. पुढे खटला झाला, भरपाई मिळाली, आमच्या संघटनेच्या अहवालात तो विजय म्हणून छापलाही गेला. परंतु फाटकावरच्या त्या अर्ध्या तासात आम्ही एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही: हा माणूस आज किती किलो उचलू शकतो? व्यवस्थापनाने विचारला नाही, डॉक्टरने विचारला नाही हे खरे. पण ते दोघे त्याचे पुढारी नव्हते. पुढारी आम्ही होतो.

तालमीतल्या पोराला अर्धे, पाऊण, पूर्ण अशा पायऱ्या होत्या. हमालाला पायरी नव्हती. १०० किलोचे पोते पन्नास किलो होत नाही. ते उचलायचे तरी किंवा उचलायचे नाही. आणि कारखान्याच्या हजेरीपटातही दोनच रकाने: 'रजा' आणि 'हजर'. वैद्यकशास्त्राने शंभर वर्षे खपून जी मधली वाट शोधली, तिच्यासाठी आमच्या हजेरीपटात रकानाच नव्हता.

पोत्याचे वजन हा किरकोळ विषय नव्हे. पुण्यात १९५० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली; मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. पाठीवरचे ओझे कमी करा, ही या चळवळींची जुनी मागणी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली सुचविले की प्रौढ पुरुषाने नेहमी हाताने वाहायचे ओझे ५५ किलोंच्या वर नसावे. पुढे साखर, सिमेंट, धान्य यांची पोती पन्नास किलोंवर आली. धडधाकट माणसाची पाठ वाचावी म्हणून हा लढा झाला. परंतु दुखापतीतून उठलेल्या माणसालाही त्याने नकळत एक पायरी मिळवून दिली.

दुसऱ्या देशांनी तो मधला रकाना कागदावर आणला. जर्मनीत दीर्घ आजारातून उठलेला कामगार डॉक्टरच्या सल्ल्याने आधी दिवसाचे थोडे तास, मग अधिक, असा चढत्या क्रमाने कामावर परततो, आणि तोवर त्याचा आजारपणाचा भत्ता चालू राहतो. ब्रिटनमध्ये २०१० च्या एप्रिलपासून डॉक्टरच्या दाखल्यात 'कामास अयोग्य' याच्या जोडीला आणखी एक पर्याय छापला जातो: काम हलके केले, तास कमी केले, तर हा माणूस काम करू शकेल. एवढी एक ओळ. परंतु ती ओळ असली की व्यवस्थापक, डॉक्टर आणि कामगार यांना बोलायला विषय मिळतो.

परत येणे म्हणजे त्याच जागी परत येणे, असेही नेहमी नसते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले; भारताचे त्या स्पर्धांतले ते पहिले सुवर्ण. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या स्पर्धांचा उगमही रुग्णालयातलाच. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडव्हिल येथे १९४८ च्या जुलैत चाकाच्या खुर्चीतल्या १६ जखमी सैनिक स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली, तेथून हे सुरू झाले. पेटकर मुष्टियुद्धाकडे परतले नाहीत. परंतु घरीही बसले नाहीत. 'पूर्वीचे काम जमेल का' आणि 'काम जमेल का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या हमालाच्या वेळी आम्हांला पहिलाच प्रश्न ठाऊक होता.

आता येथे बसलेल्या मंडळींपैकी कोणी हमाल असेल, कोणी शिक्षक, कोणी गुडघा दुखावलेली शेतकरीण. प्रत्येकाला उपयोगी पडेल असे थोडके सांगतो. ते आमचे नव्हे. वस्तादाचे आणि डॉक्टरांचे आहे. वेदना थांबली त्या दिवसापासून मोजणी सुरू करावी, त्या दिवशी संपवू नये. आधी सांधा पूर्ण हलतो का ते पाहावे, मग ताकद, मग तोल, आणि सर्वांत शेवटी वेग व ओझे. जो भाग दुखावला नाही त्याला पहिल्या दिवसापासून कामाला लावावे. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. ओझे वाढविले तर तास वाढवू नयेत. खरा जाब दुसऱ्या दिवशीच्या सकाळी मिळतो: सूज किंवा ठणका कालच्यापेक्षा वाढला असेल तर एक पायरी खाली यावे, त्यात कमीपणा नाही. परंतु हातापायाला मुंग्या येऊ लागल्या, अंग बधिर झाले, ताप आला, पोटरी एकाएकी सुजली, किंवा विश्रांतीतही दुखणे वाढत गेले, तर पायऱ्यांचा हिशेब बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

आणि ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांना सांगायचे ते वेगळेच. हे सारे नियम पाळायला सवड लागते, आणि सवड पगारातून येते. वस्ताद कितीही शहाणा असला, तरी त्या पोराच्या घरी म्हैस नसती तर तो चौथ्या महिन्यापर्यंत थांबला नसता. शरीराचा नियम सर्वांना एक आहे; तो पाळण्याची ऐपत सर्वांना सारखी नाही. ती ऐपत निर्माण करणे हे कायद्याचे, मालकाचे आणि संघटनेचे काम आहे.

त्या अपघातानंतर काही वर्षांनी आम्ही एका करारात एक कलम घालून घेतले. दुखापतीतून उठलेल्या हमालाने पहिले सहा आठवडे पोती शिवावीत, मोजणी धरावी, गोदाम झाडावे. टोळीतला त्याचा हिस्सा मात्र पूर्ण राहावा. आणि पोते केव्हा उचलायचे ते डॉक्टरने त्याचे काम डोळ्यांनी पाहून ठरवावे. या कलमासाठी फाटकावर घोषणा झाल्या नाहीत, कोणाला हार पडला नाही. टोळीची समजूत घालायला मात्र व्यवस्थापनापेक्षा अधिक दिवस लागले.

करार झाला त्या संध्याकाळी आम्ही त्या हमालाच्या घरी गेलो. तो काठी घेऊन ओसरीवर बसला होता. कलम आम्ही त्याला वाचून दाखविले. त्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाला, "भाऊ, पोती शिवायला मला आली असती." एवढेच बोलला आणि घरात चहा ठेवायला सांगितले.

नंतर अनेक दुखापती झालेली माणसे आमच्याकडे आली. प्रत्येकाला आम्ही आधी तो प्रश्न विचारतो, जो त्या दिवशी फाटकावर विचारला नाही. मग कामावर घेण्याच्या अर्जाला हात लावतो.